मूळ गाव: हितलंच

प्रिय आत्या,

काल ऑफिसात मला तुला काढून टाकायला सांगितलं. तू जाऊन दोन पावसाळे झाले, तरी तुला काढायची कुणाला तरी घाई होतीच. मी नाही म्हणाले. नुसतं म्हणाले नाही, चांगली भांडले. तुझ्यासारखी, कमरेवर हात ठेवून. भांडण अजून मिटलेलं नाही, सोमवारी पुढचं आहे. तोवर कुणाशी तरी बोलायला हवं आणि या विषयात माझी बाजू घेणारं घरात दुसरं कोण आहे? बाबा ऐकतात, पण ऐकता ऐकता त्यांना झोप लागते. म्हणून दुपारचं जेवण आटोपून ओट्यावर बसलेय आणि तुला लिहितेय.

तू म्हणशील, मेलेल्या माणसाला आणखी कुठून काढणार? थांब, सांगते.

माझं काम तुला कधी नीट समजलं नाही. तू मात्र मासळी विकता विकता सगळ्यांना सांगायचीस, "आमची वैशू ऐरोलीला कंप्युटरवर रगत मोजते." रक्त दुसरे लोक मोजतात गं. मी त्यांच्याकडून आलेले आकडे बघते. माणसाच्या रक्तात आईबापाकडून आलेल्या लाखो खुणा असतात. त्यांतली कुठली खूण कुठल्या आजाराबरोबर सापडते, ते शोधायचं. खूण आणि आजार खरोखर जोडीने चालतात, की योगायोगाने एका वाटेवर भेटले, हे ठरवायला गणित लागतं. ते गणित माझं. त्याला संख्याशास्त्र म्हणतात, असं मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "म्हंजे मोजनीच ना?" हो, मोजणीच.

तळ्याच्या बाजूच्या समाजमंदिरातलं ते शिबिर आठवतं? एका मोठ्या रुग्णालयाचं काम होतं आणि मीच तुझ्या मागे लागले होते. उंची, वजन, कंबर मोजायची, बोटाला टोचून साखर बघायची, दंडातून रक्ताची एक नळी द्यायची. तू टोपली डोक्यावरून उतरवून रांगेतच ठेवलीस. पुढचा माणूस दचकला, तेव्हा त्याला म्हणालीस, "चिंबोऱ्या बांधलेल्या हायत, घाबरतोस कनाला?"

टेबलामागे टॅब घेतलेली एक मुलगी होती. गोड होती बिचारी.

"मावशी, मूळ गाव?"

"हितलंच."

"आता कुठे राहता ते नाही विचारत. मूळ गाव, मूळ."

"तेच सांगतंय ना बाय. हितलंच. करावे."

"तसं नाही हो मावशी. नवी मुंबईत सगळे बाहेरूनच आलेत. तुमचे आईवडील कुठून आले?"

तू खाडीच्या दिशेने हात केलास. "ते कोठशी आयले नाय. ते हितंच होते. आयले ते तुमी."

सगळी रांग हसली. मुलगीही हसली. तिच्या टॅबवर एक यादी होती आणि त्यातलं एक दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. देश, कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, दुसरं राज्य आणि सगळ्यात खाली 'इतर'. 'कोकण'सुद्धा तिथून इथे राहायला आलेल्यांसाठी; 'इथलेच' असं काही त्यात नव्हतं. यादी बनवणाऱ्याला असा कुणी माणूस असू शकतो हे सुचलंच नसावं. तिने 'इतर' दाबलं आणि तुला बाही वर करायला सांगितली. तुझ्यामागच्या सगळ्यांचंही तेच झालं. शिबिर संपेपर्यंत आपलं अख्खं गाव 'इतर' झालं होतं, आणि शेजारच्या सारसोळ्याच्या शिबिरात सारसोळेसुद्धा.

बोटाची साखर तुझी जास्त आली होती. आठवतंय? मुलीने विचारलं, उपाशीपोटी आलात ना? तू म्हणालीस, उपाशी कशी येणार, पहाटेची ओहोटी होती, भाकरी खाऊनच खाडीत उतरले. सांगितलं होतं आत्या, तुला दहादा सांगितलं होतं की काही खाऊ नकोस. पण तुझी सकाळ घड्याळावर होती कुठे? ती ओहोटीवर होती. "खाऊन आलात म्हणून जास्त दिसते," असं म्हणून मुलीने तो आकडा बाजूला ठेवला. नंतर नळीतल्या रक्तावरून तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. तो एकदम छान.

तो रिपोर्ट तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून बटव्यात ठेवायचीस. टॉवरातल्या बायका साखर वाढली म्हणून रडगाणं गायला लागल्या की तू तो बाहेर काढायचीस. "बघा, माजी साखर. फिक्का चा पिते मी." खोटं बोलत होतीस. चहात दोन चमचे साखर घालायचीस.

मग धारदार शिंपल्यांतली कालवं काढताना तुझा पाय कापला.

मला का नाही दाखवलास? हळद दाबलीस, फडकं बांधलंस, वरून पिशवी गुंडाळून पुन्हा चिखलात उतरलीस. पाय सुजला तेव्हा डॉक्टरकडे गेलीस, ती रिपोर्टची पिशवी घेऊन. त्यांनी रिपोर्ट वाचला, म्हणाले साखर नाही, जखम सुकेल. त्यांना तरी काय बोलू? कागदावर होतं ते त्यांनी वाचलं. जखम सुकली नाही. शेवटी तुला ॲडमिट केलं तेव्हा साखर एवढी निघाली की नर्सला मशीन बिघडलंय असं वाटलं, तिने पुन्हा टोचलं. तोपर्यंत विष अंगभर पसरलं होतं. तू शुद्धीत होतीस तोवर एकच गोष्ट म्हणत होतीस, "पन रिपोट तं चांगला व्हता." माझ्या कानात तेच राहिलंय, दुसरं काही नाही.

त्या रिपोर्टचं काय झालं असेल, ते आता सांगते. साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटते. पेशी साधारण तीन महिने जगते, म्हणून तिला किती साखर चिकटली ते मोजलं की तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण काही माणसांच्या पेशी लवकर मरतात. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. आत साखर चढलेली असते आणि रिपोर्ट मात्र गोड गोड बोलतो. हे लवकर मरणं बऱ्याचदा पिढीजात असतं, आणि काही समाजांत जास्त, काहींत कमी. तुझं तसंच होतं का? मला माहीत नाही. कुणी बघितलं नाही आणि आता बघता येणार नाही. कदाचित उत्तर तुझ्याच त्या नळीत असेल, पण नळीवर आता नाव नाही, फक्त क्रमांक आहे. तो कुणाचा ते शोधायची मला मुभा नाही, आणि मी शोधलंही नाही. नियम म्हणजे नियम.

आमचं सध्याचं काम नेमकं हेच आहे. कुठल्या खुणांमुळे ही तीन महिन्यांची साखर वरखाली होते, आणि त्या खुणांवरून कुणाला धोका आहे ते आधी सांगता येईल का. अहवालाचा मसुदा तयार आहे. त्याच्या नावातच 'नवी मुंबईतील सर्वांसाठी' असे शब्द आहेत. 'सर्वांसाठी' हा शब्द लक्षात ठेव, भांडण त्याच्यावरूनच झालं.

सगळ्यांच्या खुणा घालून संगणकाने एक चित्र काढलं. एक माणूस, एक ठिपका. ज्यांचे पूर्वज जवळचे, त्यांचे ठिपके जवळ. देशावरचे इथे, कोकणातले तिथे, मध्ये दाटीवाटीने बाकीचे. आणि खाली कोपऱ्यात एक वेगळाच पुंजका. कुठला गट म्हणून बघितलं, तर 'इतर'. सॉफ्टवेअरने त्याच्याभोवती लाल रेघ मारून इंग्रजीत एक शब्द लिहिला होता. त्याचं सरळ मराठी केलं तर 'बाहेरचे'.

आपण बाहेरचे, आत्या! कोलंबीचा भाव पाडणाऱ्या टॉवरातल्या बाईविषयी तू म्हणायचीस, "भायेरची हाय, तिना काय म्हाईत." तो शब्द फिरून आपल्यावरच आला. मला आधी हसू आलं. मग खूप राग आला. तो अजून उतरलेला नाही आणि मी उतरवणारही नाही.

ते फ्लेमिंगो बघ. दरवर्षी कुठून कुठून उडत येतात, खाडीतलं खातात आणि निघून जातात. त्यांची चित्रं इथल्या भिंतींवर, चौकात त्यांचे पुतळे, शहराला त्यांचं नाव लावायची हौस. त्यांना कुणी मूळ गाव विचारलं? आणि त्याच चिखलात जन्मभर गुडघाभर उतरणारी तू 'इतर'?

आता सरांची बाजू सांगते, नाहीतर तू म्हणशील पोरगी एकतर्फी बोलते. निकम सर आमचे टीम लीड. मूळचे वाईचे, राहायला सानपाड्याला. माणूस वाईट नाही. त्यांची भीतीही खोटी नाही. वेगवेगळ्या पूर्वजांची माणसं एका टोपलीत ओतली की संगणक फसतो. समज, एक खूण आपल्या गावात जास्त आहे आणि आपल्याच गावात सुके बोंबीलही जास्त खातात. सगळ्यांना एकत्र टाकलं की संगणक जाहीर करेल की ही खूण असली म्हणजे माणसाला बोंबील आवडतो. आता बोंबील काय रक्तातून येतो? (आमचा येतो, असं तू म्हणशील. गप्प बस.)

या फसगतीवर सोपा उपाय म्हणजे वेगळे दिसतात त्यांना काढून टाका. शिवाय नातेवाईक काढा, कारण एकाच घरातली दोन माणसं म्हणजे तीच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होतं. कराव्यातून नातेवाईक काढले तर उरणार काय? पोलीस चौकी आणि एटीएम. तुझं सासर आणि माहेर यांच्यामध्ये फक्त एक तळं होतं. हा उपाय म्हणजे घर झाडायचं म्हणून म्हातारीला बाहेर नेऊन बसवायची, आणि मग घर किती स्वच्छ दिसतंय म्हणायचं.

दुसरा उपाय आहे, फक्त तो मेहनतीचा आहे. कुणाचं कुणाशी किती नातं, ते रक्तावरूनच काढायचं आणि हिशेबात तेवढं नातं धरायचं. मग कुणालाच बाहेर बसवावं लागत नाही. प्रत्येक गटाचा हिशेब आधी ज्याचा त्याचा करायचा, मग सगळे एकत्र आणायचे. आणि एकत्र आणताना सगळ्यांचं उत्तर एकच आलं पाहिजे, असा हट्ट धरायचा नाही. ही काही माझी अक्कल नाही, जगात लोक हे करतात. आपल्यासाठी करायचा कंटाळा, एवढंच.

कंटाळा का महागात पडतो, ते तुला बाबांच्या जाळ्यावरून सांगते. खाडीत जाळं कुठे सोडलंय ते बाबा काठावरच्या दोन खुणांवरून ओळखायचे. देवळाचा कळस आणि त्या मोठ्या चिंचेचा शेंडा एका रेषेत आला की खाली जाळं. कळस म्हणजे जाळं नव्हे, पण इथून तो जाळ्याचा पत्ता सांगतो. तेच कळस-चिंच डोक्यात धरून बाबा पलीकडे उरणच्या खाडीत गेले असते तर? आत्तापर्यंत सापडलेल्या बहुतेक खुणा गोऱ्या लोकांच्या रक्तात शोधलेल्या आहेत. त्यांच्या काठावरून बघितलेल्या. आपल्या पाण्यात त्या कुठे नेतील, हे आपलं पाणी मोजल्याशिवाय कसं कळणार?

तर काल. काचेची खोली, एसी, आम्ही दोघं आणि भिंतीवर ते लाल रेघेचं चित्र.

"वैशाली, 'इतर' काढून फायनल रन दे. सोमवारी हॉस्पिटलला रिपोर्ट पाठवायचाय."

"का काढायचे, सर?"

"क्लस्टर बघ ना. आउटलायर आहेत. वर सगळे एकमेकांच्या नात्यातले. संख्या पण कमी."

मी म्हटलं, सर, आधी एक सांगते, लपवायचं नाही. त्या शिबिरात माझ्या आत्याने रक्त दिलं होतं. ती आता नाही. ती यातली कुठली ते मला ठाऊक नाही, पण ती 'इतर'मध्येच आहे.

सर जरा नरमले. म्हणाले, "सॉरी. पण मग तू या निर्णयात नको. तुझा इंटरेस्ट आहे त्यात."

"तुमच्या वाईची सगळी माणसं 'देश'मध्ये आहेत सर. तुम्ही झालात बाजूला?"

 ते म्हणाले, "इमोशनल होऊ नकोस."

"झालेय सर. पण हिशेब भावनेवर करत नाहीये. आकडे बघायच्या आधी आपण कामाची पद्धत लिहून ठेवली होती. त्यात लिहिलंय की नमुना खराब असेल तर काढा. यांचे नमुने खराब आहेत का? नाहीत. माणूस वेगळा आहे म्हणून काढा, असं आपण कुठे लिहिलंय?"

"अगं, रिझल्ट बिघडेल."

"बिघडेल म्हणजे खरा येईल. सर, एक तर 'इतर' राहतील, नाहीतर 'सर्व' जाईल. दोन्ही ठेवता येणार नाही."

मला वाटलं, जिंकले. आणि आत्या, त्या माणसाने काय केलं असेल? शांतपणे पेन काढलं आणि मसुद्याच्या नावातला 'सर्वांसाठी' खोडला. "घे. आता तर खरं झालं ना?"

 खरं तर झालं होतं. अहवाल प्रामाणिक झाला आणि आपण बाहेरच राहिलो. एवढं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं. त्यांना तो शब्द सोडणं आपल्याला धरण्यापेक्षा स्वस्त पडलं.

तेव्हा तू आठवलीस. स्टेशनबाहेर गिऱ्हाईक उठून चाललं की बाकीच्या बायका हाका मारायच्या. तू नाही मारायचीस. तू मला सांगितलं होतंस, "हाक मारायची नाय. टोपलीवरचं फडकं काढायचं. माल बघितला का पाय आपोआप थांबतो." मी फडकं काढलं.

"चालेल सर. मग त्याखाली एक ओळ घालू. हा अहवाल कुणाला लागू नाही ते. करावे, सारसोळे आणि इथल्या बाकीच्या मूळ गावांतले लोक. गावांची नावं घालून लिहू, म्हणजे तिथल्या डॉक्टरांचा गोंधळ व्हायला नको."

"असं कसं लिहिणार? अगं, ते हॉस्पिटल त्यांच्याच..."



"त्यांच्याच काय, सर?"

"जमिनीवर आहे," सर हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी भिंतीवरचं ते चित्र पुन्हा बघितलं. शेवटी म्हणाले, "सोमवार संध्याकाळपर्यंत दोन्ही रन दे. काढून आणि ठेवून. मग बघू." त्यांनी 'बघू' म्हटलं, 'हो' म्हटलं नाही. मी तुझीच भाची आहे, मला 'बघू'चा अर्थ कळतो. पण टोपली उचलायला लावली नाही त्यांनी.

दोन्ही हिशेब सर्व्हरवर लावून घरी आले. आज सकाळी निकाल आला. याच ओट्यावर लॅपटॉप उघडला, शेजारी वाळत घातलेली सुकट, तिच्यावर कावळे.

तुला खोटं सांगणार नाही. उत्तर ठाम नाही आलं. एक खूण आहे, बाकी गटांत ती काहीच करत नाही. आपल्यात ती तीन महिन्यांची साखर खाली ओढताना दिसते. आणि जे उपाशीपोटी आले होते त्यांची साधी साखर मात्र ती खाली ओढत नाही. म्हणजे रिपोर्ट कमी होतो, साखर नाही. पण माणसं थोडी आहेत, म्हणून अंदाजाचा पट्टा रुंद आहे आणि त्याचं एक टोक शून्याला शिवतंय. याचा अर्थ असा की ही खूण खरी असेल किंवा योगायोग असेल. मला खूप वाटत होतं की ते टोक शून्यापासून लांब यावं. आकड्यांकडे बघून मी तुझ्याशीच भांडले, म्हटलं अजून थोडी माणसं आणली असतीस रांगेत. पण मी ते टोक ओढून लांब करणार नाही. आपल्यावर खोटा आकडा एकदा पडलाय, तो आपल्या बाजूने असला तरी दुसरा नको.

पण 'माहीत नाही' हेसुद्धा एक उत्तर आहे, आणि ते लिहायला लागतं. आपल्याला काढलं असतं तर कागदावर 'सगळं ठीक आहे' असं आलं असतं. ठेवलं म्हणून 'शंका आहे' असं आलं. या दोन वाक्यांमध्ये केवढं अंतर आहे, ते तुझ्या पायाला विचार.

त्या शंकेच्या जोरावर मी एक ओळ लिहिलीय. या गावांत एकट्या तीन महिन्यांच्या रिपोर्टवर विसंबू नका, उपाशीपोटीची साधी साखरही बघा. बस, एवढीच ओळ. हीच ओळ तेव्हा त्या डॉक्टरांच्या टेबलावर असती तर? जाऊ दे. हा प्रश्न मी रोज विचारते आणि रोज त्याचं उत्तर तेच येतं.

सोमवारी सर ती ओळ ठेवतील, नाहीतर मागे पुरवणीत ढकलतील, जिथे कुणी वाचत नाही. ढकलली तर मी माझं नाव अहवालावरून काढून घेणार आणि का काढलं ते रुग्णालयाला लिहून कळवणार. नोकरीचं काय होईल? होईल ते होईल. ऐरोलीत ऑफिसांच्या बिल्डिंगी काय कमी आहेत.

'इतर' मात्र मी खोडला नाही. तुला वाटेल पहिलं तेच करायला हवं होतं. पण झालेली नोंद बदलायची नसते, आवडो न आवडो. मी तिच्याखाली खुलासा लिहिला. 'या गटात मुख्यतः करावे व सारसोळे येथील मूळ रहिवासी आहेत. त्यांनी मूळ गाव इथलेच सांगितले होते. यादीत तो पर्याय नव्हता.' वाचणाऱ्याला चूक कुणाची ते कळेल.

मघाशी बाबा जागे झाले. लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "जिकली काय गो?"

"नाय बाबा, अजून नाय. पन हरली पन नाय."

"मंग चा टाक." ते बसले, आणि थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाले, "ती असती तं त्या सायबाला टोपलीच घातली असती डोक्यात." मग दोघंही हसलो, आणि मग ते उठून आत गेले. तुझं नाव निघालं की ते असेच उठून आत जातात. जन्मात कधी सुई टोचून न घेतलेला तुझा भाऊ दारातून परत वळून म्हणाला, "परत शिबिर घेतलंस तं माजं पन घे रगत. पट्टा बारीक व्हईल ना?" एवढं सगळं त्यांनी डोळे मिटून ऐकलं होतं आत्या. मला वाटत होतं झोपलेत.

तर आता माझा शब्द घे. पुन्हा शिबिर होईल, रुग्णालयाने नाही घेतलं तर गावाकडून मागणी करून घ्यायला लावीन. त्याची वेळ ओहोटी बघून ठरेल, म्हणजे कुणाला भाकरी खाऊन यावं लागणार नाही. टेबलामागे मी स्वतः बसेन. यादीत सगळ्यात वर 'इथलेच' असेल, त्याखाली बाकीचे, ज्यांना जिथून यायचंय तिथून येऊ देत, त्यांच्याशी आपलं वैर नाही. आणि जोवर मी या धंद्यात आहे तोवर, तुझा ठिपका आत असल्याशिवाय 'सर्व' हा शब्द मी कुणाला लिहू देणार नाही. लिहिलाच तर मी फडकं काढेन.

सोमवारी जाताना तुझी ती प्लास्टिकची पिशवी बरोबर नेणार आहे, रिपोर्टसकट. कुणाला दाखवायला नाही, मलाच हाताशी हवी म्हणून.

तुझी,
हितलीच,
वैशू